पिवळा कागद

जिम्माच्या बसथांब्यासमोर माझं औषधांचं दुकान.
पुढे कॉफीची पोती, मागे मशिदीचा मनोरा,
मधोमध मी, वर्कनेश.

कादिर अब्बा-मेचा त्या मनोऱ्याखाली बांग देतात.
नेहासेच्या चिखलात ते पहिल्यांदा आले,
खोकला म्हणाले, कोरडा.
मी बाटली दिली. पुढल्या आठवड्यात दुसरी.
मग मधाची, मग महागाची.
सुटे नव्हते तेव्हा वर दोन आल्याच्या वड्या.

पहाटेची बांग मध्येच अडायची,
जणू कुणी दोर धरून ठेवलाय
अर्ध्या विहिरीत उतरलेल्या पोहऱ्याचा.

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
परीक्षेत लिहिलंय मी: रक्तदाबाची ती गोळी,
काहींना तिच्यानं कोरडा खोकला.
दोन गुणांचा प्रश्न. दोन्ही मिळाले होते.
आणि ती गोळीही मीच देत होते,
त्याच हातानं, त्याच पिशवीत.

मस्केरमच्या शेवटी पाचवी बाटली मागताना
त्यांना उबळ आली. नाणं सुटलं,
घरंगळत टेबलाखाली गेलं.
मी वाकले.
आखूड पायाखाली टेकू दिलेलं पुडकं, पिवळं.
प्रशिक्षणात मिळालेलं. तिथला चहा फर्मास होता.
खात्री नसली तरी कळवा, म्हणाले होते, शंका पुरे.
आम्ही सह्या केल्या आणि पेनं घरी आणली.

टेबल डुगडुगलं. कागद सपाट केला.
वय? "पूल वाहून गेला त्या सालचा."
वजन? शेजारच्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं त्यांना,
हमाल हसले, तेही हसले, खोकले.
गोळीचा बॅच नंबर?
पट्टी तोडून देताना नेमका तोच गेला होता,
माझ्याच कात्रीनं.

कळवणाऱ्याचं नाव.
इथे पेन थांबलं.
चार बाटल्या कुणी विकल्या, असा रकाना नव्हता.
समासात लिहिलं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. कागद अदिसला गेला.
तिकडून अजून काही नाही.
प्रत माझ्या कॅलेंडरमागे: बरा, बरा नाही, माहीत नाही.
मी "माहीत नाही"वर खूण केली होती, पेन्सिलीनं.

हल्ली अंधारातच शटर अर्धं उचलते
आणि कान देऊन बसते.
आज अडली,
पण शेवटाजवळ, आणि पुन्हा चढली.
तारीख टाकली. खोडरबर अजून खणात आहे.