पासंग

ग्रिम्स्बीच्या गोदीवर वाऱ्याला माशांचाच वास,
मार्चमध्ये जरा जास्त.
लीड्सहून दोन गाड्या बदलून आले आहे
चांगुलपणा मोजायला.
पिशवीत लॅपटॉप आणि एकशे बारा प्रश्न.

गोठवलेल्या माशांची कंपनी, तिसरा मजला.
मिस्टर पेनहेल कॉफी देतात, कागदी कपात;
कप कशाचा आहे ते कपावरच लिहिलंय.
गेल्या वर्षी त्यांना एकाहत्तर गुण, बाकीच्यांची सरासरी चौसष्ट.
"आणि हलच्या त्या लोकांना किती?" ते विचारतात,
सहज,
शेजाऱ्याच्या मुलाचे दहावीचे मार्क विचारावेत तसे.

प्रश्न एकेचाळीस: स्वयंसेवेचे तास.
सहाशे वीस. पुरावा: फोटो.
चौदा माणसं, चौदा ब्रश, शाळेचं कुंपण, हिरवं.
हे कुंपण मी ओळखते.
एका बँकेच्या अहवालात ते निळं होतं,
त्याआधी विमा कंपनीकडे पांढरं.
एकच कुंपण,
तीन ताळेबंदांत उभं.

दुपारी शाळेत गेले. ते माझं काम नव्हतं.
केअरटेकर ब्लँचर्ड यांनी नखानं एक पोपडा काढून दिला:
हिरवा, निळा, पांढरा,
आणि खाली कुठेतरी लाकूड.
"बॉयलर नोव्हेंबरपासून बंद आहे," म्हणाले,
"पण बॉयलरचा फोटो काही बरा येत नाही."
आत मुलं कोट घालून पाढे म्हणत होती.

प्रश्न अठ्ठावन्न: कामावरचे अपघात.
शून्य.
पण खाली, मासे कापायच्या पट्ट्यावर, मला डाइवा भेटली होती,
डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली.
ती एजन्सीची.
एजन्सीची बोटं या तक्त्यात धरत नाहीत.

माझे वडील बार्शीच्या आडतीत मापाडी होते.
पहिल्या मापाला एक म्हणायचे नाहीत, लाभ म्हणायचे.
लाभ, दोन, तीन.
आणि त्याही आधी रिकामा तराजू उचलून
पारडी सारखी आहेत का बघायचे;
नसली तर हलक्या बाजूला एक खडा बांधायचे.
आडत्या चिडायचा, वेळ जातो म्हणून.
माझ्या तराजूची पारडी मी कधी रिकामी पाहिलीच नाहीत.
मला तो भरलेलाच मिळाला.

गोदीच्या टोकाला कॉथोर्नबाईंचं धुराडं,
हॅडॉक टांगलेले, भिंती डांबरासारख्या काळ्या.
नऊ माणसं. फॉर्म पेन्सिलीनं भरलेला.
लेखी धोरण? नाही. समिती? "कसली?"
पुढच्या दहा वर्षांचं उद्दिष्ट? "जगणं."
कोपऱ्यात स्टुलावर रेमंड.
सहा वर्षांपूर्वी त्याची नजर गेली;
मासा मुरला की नाही ते आता वासावर सांगतो,
कधी चुकतो, सगळे गप्प बसतात.
पगार पूर्ण.
हे कुठल्या रकान्यात, बाई?
त्याही विचारत होत्या, मीही.
एकोणीस गुण. यादीत शेवटून दुसऱ्या.

परतीच्या गाडीत शेरा लिहायला बसले.
चौकट अडीचशे अक्षरांची, मोकळ्या जागाही धरून.
"डाइवा" लिहिलं, खोडलं:
व्यक्तींची नावं चालत नाहीत.
मग नुसतं लिहिलं, "एजन्सीचे कामगार धरलेले नाहीत,
धरून पुन्हा मोजावं."
एवढंच. पासंगालाही पुरेल की नाही, ठाऊक नाही.
कोटाच्या खिशात तो पोपडा होता,
डॉनकॅस्टर येईपर्यंत त्याचा भुगा झाला.

सोमवारी ऑफिसची मेल:
आपला वार्षिक सेवादिवस, शुक्रवारी. ठिकाण ग्रिम्स्बी.
प्राथमिक शाळेचं कुंपण. रंग पिवळा.
मी ब्लँचर्डना फोन लावला.
म्हटलं, कुंपण राहू द्या, बॉयलरला किती लागतील?
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले, "आकडा सांगतो, लिहून घ्या.
आणि ब्रश मात्र आणाच.
इथले सगळे कडक झालेत."