शुद्धिपत्र

'गाळ'च्या चौथ्या अंकात, पान एकोणीस, ओळ सातवी :
'पावणा गवत' असे छापले आहे,
ते 'पवना गवत' असे वाचावे.

चूक माझी.
विद्युल्लता इंगवले बाईंचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं,
आणि रात्री दोनला मुद्रितं तपासताना
डोळ्यांआधी माझी जीभ वाचते, करवीर तालुक्याची,
तिला दारात कुणीही उभं दिसलं
तर तो पावणाच.

बाईंनी पोस्टकार्ड टाकलं, उजळाईवाडीहून :
'माळावरची भिंत पुढे सरकली.
पवना आत राहिला, बाहेर नुसती कुसळं.
निदान नाव तरी नीट छापा.
बाकी अंक बरा.'

तीनशे बारा वर्गणीदार आमचे.
दीडशे रुपयांत चार अंक,
त्यातले दोन वेळेवर.
बंधाऱ्यावरचे हिंदुराव चौगले 'पाणी कुठवर' हे सदर लिहितात.
लिहितात म्हणजे तारीख, फूट, इंच,
आणि जमलं तर खाली एक वाक्य :
'आज मासे तोंड वर काढून होते.'
'आज वास नाही. कारखाना बंद.'
त्यांच्या मजकुरावर मी कधी पेन्सिल चालवली नाही.

चौथ्या अंकाच्या दोनशे प्रती टपालात पडायच्या राहिल्या.
तिकिटांना पैसे नव्हते.
कुंभार गल्लीत सर्जेरावांच्या माळ्यावर गठ्ठे चढवले,
खाली शाडूचे गणपती, डोळे अजून काढायचे होते,
वर आम्ही.
'माळ्यापतोर कुठलं येतंय पाणी,' सर्जेराव म्हणाले.
चौगल्यांनी त्रेचाळीस कळवलं,
दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस,
मग त्यांचा फोनच लागेना.

नवव्या दिवशी दार ढकललं.
एरवी लोक विचारायचे, त्रैमासिकाला असलं कसलं नाव?
त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

शाडूचा पुन्हा शाडू झाला होता,
सोंडा, उंदीर, मोदक सगळं एकाच थरात.
कागदाचं मात्र काय झालंय ते सांगता येईना.
सर्जेरावांच्या सुनेनं, वैजयंतानं,
एक अंक मुठीत दाबून बघितला, भाकरीचं पीठ बघावं तसा.
'मामंजी, लगदा बेस हुईल ह्येचा.
डिंक तेवढा जास्ती लागंल.'
मग माझ्याकडे वळून, 'चालंल न्हवं?'

प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध अठ्ठावीस पानं लिहिलेला माणूस
नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

एकवीस मूर्ती झाल्या, वीतभर उंचीच्या.
रंग कमी पडला म्हणून एकीच्या कानामागे
हात पातळ बसला होता.
तिथून अक्षरं दिसत होती, उलटीसुलटी,
कुणाचा लेख ते कळत नव्हतं,
एवढा एक शब्द लागला : पावणा.
बोटानं झाकून पाहिला. बोट काढलं, तरी होताच.
ती मूर्ती मी मागून घेतली नाही.
जयसिंगपूरचं एक जोडपं घासाघीस करून घेऊन गेलं,
दीड दिवसाचा बसवतात म्हणाले,
मग गुऱ्हाळातली जुनी काहील आहे दारात,
तिच्यात सोडतात.

सोबत ही चिठ्ठी पाठवत आहे.
ज्यांच्याकडे चौथा अंक पोचला असेल
त्यांनी पान एकोणीसवर खळीनं चिकटवावी.
काहिलीत विरघळलेल्या प्रतीचं काय करायचं
ते बाईंना विचारलंय.
उत्तर आलेलं नाही.

जाता जाता, चौगल्यांचा मजकूर,
उशिरा आला म्हणून इथेच देतो :
'सतरा फूट चार इंच.
काठाला दोन बोटं गाळ.
त्यात कायतरी उगवलंय, नाव ठाऊक नाही.
इंगवले बाईंसाठी मुळासकट उपटून
पिशवीत ठेवलंय.
कुणीतरी येऊन घेऊन जावा.'