देठांची मोजणी

रविवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून
मी घरी येतो. नखांत ग्रीस.
लीले दारातच अडवते : आधी हात, बाबा.
साबण, मग लिंबाची साल, मग पुन्हा साबण.
सात वर्षांची आहे. बोलते मात्र थेट आईसारखी,
जी गेली दोन वर्षं इटलीत, बारी नावाच्या गावी,
एका परक्या म्हातारीला चमच्यानं सूप भरवते.

कणिक मी मळतो. घट्ट लागते ती,
टायर रिमवर चढवताना लागतो तेवढा जोर.
त्सोत्नेकडे खिम्यात पाणी घालायचं काम.
एक चमचा, ढवळ. एक चमचा, ढवळ.
त्याला पटत नाही : मांसाला कशी तहान लागेल?
लागते, मी म्हणतो, त्याचाच तर आत रस्सा होतो.
चार वर्षांचा माणूस वाडग्यात डोकावून
खिम्याला विचारतो, अजून हवं?
आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

लीले पेल्यानं गोल गोल पाऱ्या पाडते,
कडेच्या चिंध्या गोळा करून पुन्हा लाटते.
वाया काही जाता कामा नये, हेही आईचंच.
टेबलावर पीठ, जमिनीवर पीठ,
मांजराच्या पाठीवर एक छोटा पांढरा पंजा.

चुण्या घालणं माझं काम नव्हतंच कधी.
एतेरीच्या बोटांतून एकोणीस पडायच्या, न मोजता.
माझ्या नऊ, फार तर अकरा.
माझी खिंकाली म्हणजे सुतळीनं आवळलेलं बटाट्याचं पोतं.
लीलेची तेरापर्यंत नीट जाते,
पुढे जीभ बाहेर येते आणि चुणी निसटते.
त्सोत्ने चुण्याबिण्या घालत नाही.
तो मूठ मिटतो.
मूठ उघडली की खिंकाली, असं त्याचं म्हणणं.

फोन वाजतो तेव्हा सहाच्या सहा हात कणकेत.
लीले नाकानं उचलते.
पडद्यावर एतेरी, मागे फळीवर औषधांच्या बाटल्या.
पाणी उकळलं का? मीठ? अरे, कडा किती जाड त्या!
आणि सांगता सांगता तिची बोटं
रिकाम्या हवेत चुण्या घालू लागतात.
तिच्या लक्षातही येत नाही.
लीले पडद्याकडे टक लावून मोजते :
सतरा, अठरा, एकोणीस.
मग आतून म्हातारीची हाक येते.
पडदा विझतो. त्यावर नाकाचा पिठाळ ठसा.

उकळतं पाणी बाबांचं, हा आमचा नियम.
दोघांनी लांब खुर्चीवर उभं राहून सांगायचं
कुठली वर आली, कुठली अजून तळाशी रुसलीय.
दोन फुटतात. दोन्ही माझ्या.

काटे-चमचे नाहीत. वरून मिरपूड.
देठ धरायचा, कडेला बारीक चावा घ्यायचा,
आधी रस्सा ओढायचा. सांडला तर हसं.
त्सोत्नेचं कोपरापर्यंत हसं होतं.
देठ खायचा नाही, ताटात ठेवायचा.
कुणी किती चापल्या त्याची ती पावती,
दुशेतीत हाच हिशेब, आजोबांच्या आजोबांपासून.

ती मुठीवाली माझ्या वाट्याला येते.
चावतो, तर आत काहीच नाही.
नुसती गरम वाफ, टाळूला लागलेली.
अरे, खिमा घालायला विसरलास?
विसरलो नाही, तो म्हणतो. ती आईची आहे.
ती कुठे खाणार? मग खिमा वाया गेला असता ना.

बराच वेळ मी ती चावत राहतो.
कणिक खरंच जाड राहिलीय.
लीले ताटं जवळ ओढून मोजायला बसते,
माझे, तिचे, त्याचे, बोटानं एकेक ढकलत.
पुन्हा मोजते.
बाबा, एक देठ कमी भरतोय.
आणि टेबलाखाली वाकते,
मांजराला उचलून
त्याच्या पोटाखालीही बघते.