रकाना

सेमोनकाँगच्या वर, जिथे जीप थांबते
आणि पुढे फक्त घोडी जातात,
न्ताते सेखोबे घोंगडीत बसलेले.
पेन्शनची गाडी आज आली नाही. बर्फ.

मी प्रश्नावली उघडली.
घरात माणसं किती? सात.
कमावती?
ते खोकले. एकवीस वर्षं परमुलखातल्या
सोन्याच्या खाणीत; धूळ अजून छातीत.
"एक. सरकार."

प्रश्न सदतीस: गेल्या आठवड्यात
कुणी उपाशी झोपलं का?
"आधी तू सांग, हे विचारायचे तुला किती मिळतात?"

मी आकडा सांगितला. फेलोशिप, म्हटलं,
सामाजिक सुरक्षेवर. अठरा महिन्यांची.
ते बोटांवर मोजू लागले, किती वर्षांची पेन्शन होते ती,
आणि मध्येच सोडून दिलं.

"माझं मरेपर्यंत आहे," म्हणाले.
"तुझं अठरा महिने.
मग पुढे तुझं कोण बघणार, पोरी?"

मक्याच्या पापाची खरवड,
करपलेली, गोडसर,
नातीने माझ्या तळहातावर ठेवली.

मदत कुणाकडून मिळाली, याला फॉर्मवर
चार चौकोन आहेत.
कुणाला दिली, याला नाही.

समासात लिहिलं: खरवड.
मासेरूत डेटा भरणारा मोलेफी
फोन करून विचारेल,
हे कुठल्या कोडमध्ये टाकू.