गंजणार नाही अशी

अलास्काच्या या बेटावर पाऊस मोजत नाहीत,
कोरडे दिवस मोजतात.
गेल्या साली एकोणचाळीस भरले,
त्यातले दोन मी झोपून काढले.
इथे बिजागरी गंजते, किल्ली गंजते,
नांगराची साखळी तर हातात पिठासारखी येते.

म्हणून स्टेनलेस.
एकनळी, मधोमध मोडून उघडणारी,
एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल,
आणि काडतूस मात्र रिव्हॉल्वरचं, तीनशे सत्तावन्न.
खिशात तीनशे चाळीस डॉलर.
दुकानातला ऑस्मंड पोट धरून हसला.
"या चार अटींतल्या कुठल्याही तीन सांग," म्हणाला,
"आत्ता काढून देतो."

काडतूस तेच का, ते मी त्याला बोलले नाही.

बाबा हॅलिबट होडीच्या कडेला आणून
आधी डोक्यात एक गोळी घालायचे.
दीडशे पौंडांचा जिवंत मासा आत घेतला
तर तो फळ्या फोडतो, नाहीतर नडगी.
ऑगस्टमध्ये ओल्या हातातून रिव्हॉल्वर निसटलं,
साठ वाव पाण्यात गेलं.
ते काठावर वाकून बघत राहिले बराच वेळ,
मग म्हणाले, "आता त्यांची पाळी."
ऑक्टोबरात ते गेले. माशांमुळे नाही, फुप्फुसांमुळे.

मागे कॉफीचा एक डबा,
त्यात त्यांनी स्वतः भरलेली काडतुसं, त्रेपन्न.
चष्मा कपाळावर, रेडिओ बंद,
दारूचा कण न् कण तराजूत घालून.
त्या वेळी आम्ही मुलं शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायचो.

लॉन्ड्रीतल्या फळ्यावर चिठ्ठी लावली.
एकाने काळ्या पोलादाची दाखवली,
तेल चोपडलेली, तरी नळीच्या तोंडाशी तांबूस.
एकाकडे होती स्टेनलेस, पण चव्वेचाळीसची.
किंमत ऐकून मी त्याला नुसता चहाचा आग्रह मोडला.
एकाने फोनवर अर्धा तास घेतला,
शेवटी कळलं, तो सिंक विकतोय.

मार्च उजाडला तेव्हा व्हर्ना किटल्सबीचा निरोप आला.
कॅनरीत चाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई.
फ्रीझरच्या मागे हात घालून तिने ती ओढून काढली,
दस्त्याला निळी चिकटपट्टी,
आणि नळी अशी, जणू पाऊस हे फक्त ऐकून आहे.
चारशे म्हणाली. मी बुटांकडे बघत राहिले.
तीनशे, आणि धुरावलेल्या सामनच्या सहा बरण्या,
यावर गाडी थांबली.
"एकच गोळी," मी म्हटलं, "चुकली तर?"
"माझा नवरा म्हणायचा,
दुसरी हाताशी असली की पहिली आळशी होते."
मग जरा थांबून, "तो स्वतः खूप चुकायचा."

दलदलीपलीकडे, ओंडक्यावर पुठ्ठा ठेवून
मी पहिली झाडली.
चाळीस पावलांवर, मधल्या ठिपक्याच्या किंचित डावीकडे.
नळी मोडली, पुंगळी तळव्यात आली, कोमट.
हा एवढा आवाज त्यांनीच कधीतरी
स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरून ठेवला होता.
मी ती वाजली तेव्हा नाही, थंड झाली तेव्हा रडले.

पुंगळी पुन्हा भरायची म्हणून
त्यांची वही घेऊन ऑस्मंडकडे गेले.
त्याने पान उजेडात धरलं, तिरकं केलं, नखाने खरवडलं.
वहीची पिन गंजलेली.
दारूचा आकडा नेमका त्या डागाखाली.

"एक काडतूस उघडून आतलं तोलता येईल," तो हळूच म्हणाला,
पहिल्यांदाच न हसता.
"मग एक्कावन्न उरतील," मी म्हटलं.

रायफल दाराशी उभी आहे, चकचकीत, निर्लज्ज.
बाहेर धार लागली आहे.
ऑस्मंडला अजून उत्तर दिलेलं नाही.