इतर

बुधवारी दुपारी दोन ते चार, तिसऱ्या मजल्यावर,
जुन्या लिनन रूममध्ये आमची शाळा भरते.
धुतल्या चादरींचा वास, अकरा कॉम्प्युटर.
शिकवणारा तौफिक, वय चोवीस,
कोंढव्याहून गाडीवर येतो, मला मॅडम म्हणतो.
सिस्टर म्हण रे, म्हटलं,
सत्तावीस वर्षं दुसरं काही ऐकलेलं नाही.

शिरा सापडतात मला, दिवे गेले तरी.
आठ किमोंनी दोऱ्यासारख्या झालेल्या, पळणाऱ्या.
पडद्यावरचा बाण सापडत नाही.
शेजारी फार्मसीचे दामले, निवृत्तीला सात महिने,
पासवर्ड तळहातावर लिहून आणतात
आणि सॅनिटायझरने तासाभरात पुसून टाकतात.

आजवर सगळं पुठ्ठ्याच्या वहीत असायचं.
औषध, डोस, वेळ रेघेवर.
समासात बाकीचं:
डावा हात नको.
इंदापूरहून पहाटेची एसटी, आधी चहा, मग सुई.
मुलीचं लग्न ठरतंय, केसांचं बोलू नका.
दुखत नाही म्हणतात. खोटं.

इथं दुखण्याला शून्य ते दहा.
खोटं कुठं लिहायचं, मी विचारलं.
तौफिक मान खाजवत म्हणाला,
खाली एक चौकोन आहे, "इतर".
दोनशे अक्षरं मावतात.
पुष्कळ झाली. समास त्याहून अरुंद होता.

आणि हेही सांगायला हवं:
वजनाच्या चिठ्ठीवर मामांनी मराठीत ४१ लिहिलेलं,
घाईत मी ते इंग्रजी समजले, एकोणनव्वद टाकलं.
पडदा अडला. मागच्या वेळी एक्केचाळीस होतं,
खात्री आहे का?
बाई समोरच बसलेली, खुर्चीत निम्मी जागा रिकामी.
वहीनं असं कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्री सिंहगड रोडला सिग्नल सुटला
तरी माझी गाडी सुटेना.

शितोळे फेब्रुवारीत गेले. खुर्ची सहा.
सिस्टीमला कुणी सांगितलंच नाही.
त्यांचा मोबाइल आता वहिनींच्या पिशवीत,
त्यावर दर गुरुवारी सकाळी:
आपली वेळ साडेनऊ. उपाशीपोटी येऊ नये.

हे बंद कसं करतात, मी विचारलं.
धड्यात नव्हतं ते. दामल्यांनी चष्मा काढला.
तौफिकनं यादी उघडून दिली:
चालू, पूर्ण, संपर्क नाही, मृत.
तो म्हणाला, मी करू का?
नको म्हटलं.
बाण लगेच सापडला.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला वॉर्डात फोन.
"सिस्टर, आज मेसेज नाही आला."
मी थांबवला, वहिनी.
"बरं केलंत," म्हणाल्या,
पण फोन ठेवला नाही.
मागे पाटसच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
इकडे सहा नंबरवर नवा मुलगा
बूट काढायचे का, विचारत होता.

परीक्षेत मला वीसपैकी चौदा. दामल्यांना सतरा;
त्यांनी पेढे आणले, कुणाला सांगू नका म्हणाले
आणि सगळ्यांना सांगितलं.

ड्युटी संपल्यावर शितोळ्यांची फाइल उघडली.
करडी झालेली, कुठलाच रकाना हलत नव्हता.
"इतर" मात्र अजून अक्षरं घेत होतं.
एका बोटानं लिहिलं:
वहिनींना गुरुवारी फोन. दहाच्या आत.
किती उरली ते कोपऱ्यात दिसतं, मी पाहिलं नाही.
सेव्ह दाबलं.
मग, विश्वास नाही म्हणून, आणखी एकदा.