भाट्याच्या पुलावर स्वेटर

साडी पहिल्याच आठवड्यात बाद झाली.
राजिवड्याच्या वळणावर चेनने निऱ्या धरल्या,
मी खाली, सायकल माझ्यावर,
डब्यातली कुळथाची पिठी डांबरावर.
जो धावत आला त्याने आधी सायकल उचलली.
असू दे. सायकल लेकीची, शाळेतून मिळालेली,
मडगार्डवर अजून तिचा हजेरी नंबर आहे, एकवीस.
लेक नर्सिंगला कोल्हापुरात,
एकवीस नंबर माझ्याकडे.

मग मॅक्सी, वरून ओढणी.
पुलावर वारा मॅक्सीत शिरला
आणि माझं शीड झालं.
दोन्ही हात हँडलला. तिसरा हात देवाने दिलेला नाही.
खाडीतल्या होडीतले दोघे
जाळं सोडून वर बघत राहिले.
तेव्हापासून मॅक्सी घरात.

आता नवऱ्याची पँट.
तपकिरी, टेरीकॉटची, दिराच्या लग्नात शिवलेली.
कंबर चार बोटं सैल, तिथे परकराची नाडी ओवली.
घोट्याशी रबर,
कुर्लीच्या नांग्यांना लावतात तो, जाड, निळा.
आणि खिसे! दोन बाजूंना दोन, मागे एक बटणाचा.
चाळीस वर्षं मी किल्ली कमरेला खोचली,
सुट्टे पैसे ब्लाउजात ठेवले,
आणि हा माणूस इतकी जागा
नुसती बिडीच्या बंडलाला वापरत होता.

"पँट घालून कुठं निगालीस गो?"
सुगंधाकाकी रोज विचारते, रोज ओट्यावरूनच.
"काश्मीरला," मी सांगते.
फारसं खोटं नाही.
कॅरियरला पिशवी, पिशवीत लेकीने पाठवलेला स्वेटर,
मोज्यांचे दोन जोड, कानटोपी.
एप्रिलचं ऊन, दहा वाजलेले,
सीट तव्यासारखी,
आणि मी लोकर घेऊन चाललेली.

मिरकरवाड्यात पत्र्याच्या शेडमागे
एक जाड दार आहे, त्याच्या आत उणे अठरा.
गमबूट कंपनीचे, स्वेटर ज्याचा त्याचा.
कोळंबीची खोकी रचायची, आकडे घालायचे.
बोटं आधी दुखतात. मग दुखायची थांबतात,
तेव्हा बाहेर यायचं, असं तस्नीमने शिकवलं.
ती बुरख्याखाली दोन स्वेटर घालते.
म्हणते, "तुझं बरं, तुझा एक तरी दिसतो."

सातला सुटलं की मी स्वेटर काढत नाही.
मांडवीला बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर गर्दी,
माणसं रुमालाने वारा घेतायत,
आणि मधून मी, कानटोपीसकट.
"ताप आलाय काय?"
ताप नाही हो, थंडी आहे. आजची, कामाची.
एकदम उतरवली तर गुडघे रात्रभर भांडतात.
तिला दमाने न्यावं लागतं,
पोरीला बोट धरून नेतात तसं.
मांडवी सोडली की ती कानांतून जाते,
राजिवड्याला मनगटांतून,
आणि पुलाच्या मध्यावर म्हणते, बस, इथवरच.

मी उतरते. सायकल कठड्याला टेकवते.
आधी टोपी. मग मोजे.
मग स्वेटर डोक्यावरून,
त्या एका क्षणात आत काळोख, लोकर, कोळंबीचा वास.
डोकं बाहेर येतं
आणि खाडीचं तोंड दिसतं, लाल,
घामाला वारा लागतो.
एसटी हॉर्न देत जाते. देऊ दे.
मला घाई नाही,
माझे दोन्ही हात खिशात आहेत.

परवा नवरा बोटीवरून आला, पंधरा दिवसांनी.
पँट शोधली. ती दोरीवर होती,
उजव्या पायावर ग्रीसचा पट्टा,
कमरेला गुलाबी नाडी.
बराच वेळ बघत उभा राहिला.
बोलला काहीच नाही.
संध्याकाळी मात्र सायकल उलटी करून
चेनला तेल घातलं,
चांगलं वाटीभर, बोटीच्या इंजिनाला घालतात तसं.

आता उजव्या पायाला
मी दोन रबर लावते.